मोत्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा

छकुली,

परवा व्हिडिओ कॉलवर मोत्याच्या गळ्यातला पट्टा पाहून तू केवढी ओरडलीस! "मुक्या जनावराला खिळे कसले घालता?" आजी फोन ओढत होती, रेंज जात होती, त्यात उत्तर राहून गेलं. खिळ्यांची टोकं बाहेर आहेत, आतून जाड कातडं आहे. मोत्याला ते टोचत नाहीत. त्याचा गळा धरायला येईल त्याला टोचावेत म्हणून आहेत.

मोत्याच्या आधी वाघ्या होता, तुझी चप्पल पळवणारा. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी गोठ्याच्या खांबाला नुसती साखळी उरली होती. आजीला वाटलं, रात्री सोडून ठेवला असेल. मग गोठ्यावरच्या कॅमेऱ्यात पाहिलं. रात्री दोन वाजून गेलेले. ओट्याच्या कोपऱ्यावरून एक लांबट आकृती आली, आजीनं पालथं घातलेलं पातेलं हुंगलं, तुळशीला वळसा घातला आणि थांबली. पुढचं सगळं दहा-बारा सेकंदांत उरकलं. वाघ्याला भुंकायलाही वेळ मिळाला नाही. बिबट्या सावजाचा गळा धरतो, तिथे आवाजच दाबला जातो. पडवीत झोपलेल्या आजीनं कूसही बदलली नाही.

आजी त्याला वाघच म्हणते. इथे सगळेच म्हणतात. बिबट्या हा वनखात्याचा आणि वर्तमानपत्राचा शब्द.

तू विचारशील, जंगल सोडून हा घरात कशाला येतो? शहरातले पाहुणेही हेच विचारतात, आणि चूक प्रश्नातच आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात एके काळी बाजरी-मटकीची जिरायती रानं होती. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली, कालवे आले, चाऱ्या निघाल्या आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने रानात असतो. माणसाच्या डोक्यावर जाणारी उंची, आत गारवा, कडेला पाटाचं पाणी, आणि बांधावर उतरलं की वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला यापेक्षा काय हवं? मादी उसातच विते. त्या बछड्यांना दुसरं जंगल ठाऊकच नसतं.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यांचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. शेळ्यांचा त्याच्यापुढे कितीतरी कमी. वाघ्या त्या 39 टक्क्यांतला.

मग पकडून लांब का नेत नाहीत, हा तुझ्या बाबांचा लाडका प्रश्न. तेही करून झालं. 2001 ते 2003 या काळात उसातून धरलेले बिबटे लांबच्या जंगलांत सोडले, आणि नेमके तेव्हाच माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या गप्प बसत नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. महिनाभरात तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत महामार्ग, रेल्वेरूळ, खाडी. त्याचं नाव ठेवलं होतं 'आजोबा'. त्यावर मराठी सिनेमाही निघाला, पण तोवर रस्त्यावर गाडीच्या धडकेनं आजोबा गेलेले होते.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. दोन वर्षांपूर्वी आपल्या खालच्या रानात ऊसतोड चालू होती. फडाच्या मधोमध टोळीतल्या एका बाईचा कोयता अचानक थांबला. पाचटात मांजराएवढी तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. अर्ध्या तासात सगळा गाव मोबाईल घेऊन हजर. वनखात्याची माणसं आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवून सगळ्यांना मागे हटवलं. टोळीची माणसं कोप्यांत दारं लावून बसली. रात्री आई आली. क्रेट पंजानं कलंडवलं, एकेका पिल्लाला मानेला धरून तीन खेपांत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आजीनं त्या बाईला घरी बोलावून साडीचोळी केली. ओटी नेमकी कुणाची भरली, हे मी विचारलं नाही.

पण यात गोडवा शोधू नकोस. आपल्या भागात माणसं गेलीत, लहान मुलंही. शेतीपंपाची वीज कितीदा रात्रीचीच येते, मग पाण्याची दारं धरायला काळोखात उसात शिरावं लागतं. वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. सरकार पिंजरे लावतं, तेही लागतातच. माझ्या मते दिवसा वीज दिली तर पिंजऱ्यांपेक्षा जास्त जीव वाचतील. इथे मोत्याला पट्टा आहे, मला विजेरी आणि काठी, आजीला देव्हारा.

डिसेंबरात येतेस म्हणालीस. तेव्हा तोडणी जोरात असेल, म्हणजे उसातून निघालेले बिबटे जागा शोधत वस्त्यांच्या कडेनं फिरत असतील. आळेफाट्यावर उतरलीस की फोन कर, मी गाडी घेऊन येतो. अंधार पडल्यावर चारीच्या रस्त्यानं एकटी चालत निघू नकोस, आणि येताना मोत्यासाठी तिकडचा मऊ, रंगीत पट्टा आणू नकोस.

तुझा,
मामा