कालयंत्र आणि एक रात्र

असल्या अद्भुत पुस्तकांस आमचे वडील ‘थापांची पोतडी’ म्हणत. म्हणून वेल्सची ‘द टाइम मशीन’ ही १८९५ सालची कादंबरी आम्ही वाचली ती चोरून. तींतील प्रवाशाबरोबर आम्ही इ. स. ८,०२,७०१ हें साल गांठलें.

एके रात्रीं पाहतों तों, वडील दिव्यापाशीं तेंच पुस्तक वाचण्यांत गढलेले! संकोचानें आम्ही पाऊल न वाजवितां माघारीं फिरलों.

आज ते नाहींत. पुस्तक पुन्हां उघडलें, कीं एक गोष्ट जाणवते. प्रवासी जी हकीकत सांगतो, तींत तो भविष्यांतच जातो व तेथून घरीं परततो. गतकाळाचें दार उघडीत नाहीं. आम्हांस मात्र भविष्याचें कुतूहल आतां उरलें नाहीं. यंत्र मिळालेंच, तर त्या रात्रीपर्यंत जावें आणि एवढेंच विचारावें, ‘बाबा, कोठवर वाचलेंत?’