उंबऱ्यापलीकडून शिकवलेला स्वैपाक



दर मे महिन्यात पुण्याहून नातवंडं इंदूरला येतात. नात बारा वर्षांची, नातू नऊचा. गेली तीन वर्षं दुपारी 4 ते 5 मी त्यांचा स्वैपाकाचा क्लास घेतो. लोक विचारतात, "साहेब, जन्मभर बँकेत लेजर लिहिलीत, हे कुठून शिकलात?" दरवेळी मी हसून टाळतो. आज लिहूनच टाकतो.

साधारण 1960 चा काळ. आम्ही रामबागेत तीन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी चौथीत. आजी नव्हती, काकू-आत्या गावात कुणी नव्हतं, धाकटी बहीण जेमतेम तीन वर्षांची. महिन्यातले तीन दिवस आई बाहेरच्या खोलीत वेगळी बसायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कावळा शिवला." त्या कावळ्याचा मला भारी राग. कौलांवर दिसला की दगड मारायचो.

वडिलांना दहाला ऑफिस. म्हणजे साडेनऊला पान वाढलेलं हवं. त्या तीन दिवसांत ते काम माझ्याकडे आलं. आई उंबऱ्यापलीकडे कांबळ्यावर बसून सांगायची आणि मी शेगडीपुढे. मधे भिंत, तिला आतलं काही दिसायचं नाही. म्हणून तिनं मला कानानं आणि नाकानं शिकवलं.

"पाणी बोलतंय का रे? आधी सूं सूं करेल, तेव्हा थांब. खदखद ऐकू आली की आधण आलं. मग तांदूळ वैर." भांडंभर तांदळाला दोन भांडी पाणी. डाळ शिजल्याशिवाय मीठ नाही. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, मग हिंग, हळद सगळ्यात शेवटी, आणि हळद पडली की लगेच डाळ ओतायची. पहिल्यांदा मी हळद टाकून डाळीचं पातेलं शोधत बसलो. बाहेरून आवाज आला, "करपली ना? टाकून दे. पुन्हा कर." रागावली नाही. तेल जपून वापरायचे दिवस होते, तरी रागावली नाही.

वडील मुकाट्यानं जेवायचे. एकदाच म्हणाले, "मीठ बरोबर आहे आज." ते वाक्य मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो.

सातवीपर्यंत वरण-भात, पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या मला न विचारता यायला लागल्या. पोळ्या मात्र कधी जमल्या नाहीत. शाळेत हे कळलं तेव्हा पोरं गेटावरच ओरडायची, "भिया, आज क्या बनाया?" मग मी कुणाला सांगणं बंद केलं.

पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, 1977 साली लग्न झालं. सून घरात आली त्या आठवड्यात आई मला म्हणाली, "सुटलास रे बाबा." आणि मी खरंच सुटलो. स्वैपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचो. सौ. शाळेत शिक्षिका होती, सकाळची शाळा. साडेसहाला घर सोडायच्या आधी पोळी-भाजी तयार. ताप असला तरी तयार. मला काही येतं हे तिला माहीत नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही.

2016 साली ओल्या अंगणात तिचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डबा दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होता, म्हणून त्या संध्याकाळी मी वरण-भात लावला. हात आपोआप चालले. तिनं डाव्या हातानं, चमच्यानं दोन घास खाल्ले.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. लहानपणी आईनं शिकवलं होतं."

आणखी दोन घास खाऊन ती म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं तुम्हाला येत होतं."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती पुढे काहीच बोलली नाही. बँकेत एखादं खातं वर्षानुवर्षं हललं नाही की आम्ही त्यावर 'निष्क्रिय' शिक्का मारायचो. पैसा असतो, कुणाच्या कामाचा नसतो. त्या रात्री मी तापातल्या त्या सकाळी मोजत बसलो. हिशेब काही लागला नाही. डबा रद्द केला. प्लास्टर निघालं, पण संध्याकाळचा स्वैपाक माझ्याकडेच राहिला.

नातवंडांचा क्लास त्यातूनच निघाला. पहिले दोन दिवस गॅस पेटवायचा नाही. लिंबाचं सरबत, काकडीची कोशिंबीर, खलबत्त्यात दाण्याचं कूट. साखर-मीठ चिमटीनं घालायचं आणि दरवेळी चव घ्यायची. तिसऱ्या दिवशी भात. झाकण उघडायचं नाही, ऐकायचं. चौथ्या दिवशी पोहे. जाडे पोहे धुऊन चाळणीत निथळायचे, मीठ-हळद-साखर त्यांनाच लावायची, आणि मग इंदुरी पद्धतीनं वाफेवर ठेवायचे. वरून शेव, कांदा, जीरावण. नातू म्हणाला, "आजोबा, पोह्यांत बडीशेप?" म्हटलं, बेटा, हे इंदूर आहे.

नियम तीन. मोठं माणूस जवळ नसताना गॅसला हात नाही. सुरी चालवताना दुसऱ्या हाताची बोटं आत दुमडलेली. आणि तिसरा नियम सौ.चा, "भांडी घासणंही क्लासमध्येच. नाहीतर मागून मीच घासत बसेन." तो सगळ्यात कडक पाळला जातो.

गेल्या मे महिन्यात मुलगा दारात उभा राहून बघत होता. नऊ वर्षांचं पोर फोडणीत मोहरी तडतडायची वाट बघत कान लावून उभं. मुलाचं वय चव्वेचाळीस, चहापलीकडे काही येत नाही. हसत म्हणाला, "बाबा, मला का नाही शिकवलंत?"

बाहेरच्या खोलीत पेपराची घडी घालायचा आवाज आला. सौ. ऐकत होती.

म्हटलं, "चुकलंच. ये, कांदा चिर."

मंडळी, तुमच्या घरांतही आई 'बाहेर' बसली की चूल कोण सांभाळायचं? मुलगे असतील तर पुढे त्यांचं काय झालं? जरूर लिहा.