खुराखालची ओल

घोड्यांच्या बाजारात घेणारा आधी दात बघतो, मग भोवरे. शुभ मानला जाणारा देवमन भोवरा आहे का, एखादा अशुभ भोवरा तर नाही ना, यावर तासभर खल चालतो. पाय उचलून खुराचा तळ बघणारे थोडेच. नालबंदाला याचं नवल वाटतं. आमची सगळी कमाई त्या तळाशीच.

माझं बरंचसं काम माथेरानला. मोटारींना बंदी, त्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे घोडा. जांभ्याची लाल माती आणि जूनपासून धो धो पाऊस. गिऱ्हाईक आटतं, घोडा दिवसचे दिवस ठाणावर उभा राहतो, पायाखाली लीद-मुताचा राडा. थ्रशला, म्हणजे खुराचा तळ कुजण्याच्या रोगाला, एवढं पुरतं.

पाय उचलताच वास येतो, नासलेल्या अंड्याहून वाईट. खुराच्या तळाशी, टाचेकडून पुढे निमुळता होत गेलेला रबरासारखा त्रिकोण असतो, तो फ्रॉग. टाप पडताना बसणारा हादरा झेलायला तो मदत करतो. त्याच्या दोन्ही अंगांना खाचा, मध्ये उथळ खळगा. हवा पोचत नाही अशा जागी वाढणारे जिवाणू तिथे ठाण मांडतात आणि काळा, चिकट मळ साचतो. खळग्यात खूर साफ करायचा हूक खोल गेला आणि घोड्याने पाय झटकला, तर रोग जिवंत भागापर्यंत पोचलाय असं धरावं. मागच्या पायांना हे जास्त होतं.

हूक टाचेकडून टोकाकडे चालवायचा. खाचा ब्रशने घासून कोरड्या करायच्या. सुरीने फक्त कुजून सुटलेलं काढायचं, रक्त येईपर्यंत कोरणं हा अडाणीपणा. मग पातळ आयोडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा खाचेत, रोज नवा. मोरचूदही चालतं, पण उघड्या मांसावर नको. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतणं मला पसंत नाही. फेस बघून मालकाचं समाधान होतं, पण त्याने भरून येणारा भागही दुखावतो. जळकं ऑइल फासणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

औषधाने वास लवकर जातो, आणि तिथेच मालक फसतो. जमीन ओली राहिली की दुखणं परत हजर. तबेल्याला उतार हवा, मोरी वाहती हवी, लीद दोन वेळा निघायला हवी आणि भुसा कोरडा. पाऊस उघडला की घोडा चालवायलाच हवा. चालताना खूर किंचित पसरतो-आवळतो, मळ झडतो, रक्त खेळतं. खूर महिन्याला एक सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढतो, म्हणून सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासायचा. पैसे वाचवायला तीन-तीन महिने तीच नाल ठेवली, की टाचा वाढतात, फ्रॉग जमिनीपासून वर राहतो आणि खाचा आणखी खोल होतात.

घोडा लंगडत असेल, पाय गरम लागत असेल किंवा फ्रॉगवर फुलकोबीसारखं मांस वाढलं असेल, तर ते नालबंदाचं काम नाही, डॉक्टर बोलवा. धनुर्वाताची लस झालीय का तेही विचारा, घोड्याला तो फार चटकन होतो.

माथेरानला आलात तर रिकिबीत पाय घालण्याआधी घोडेवाल्याला एक पाय उचलून दाखवायला सांगा. रोज खूर साफ करणारा लगेच दाखवतो. कां-कूं करणाऱ्याच्या घोड्यावर बसू नका.