कौल

मराठीत कौल हा शब्द तीन ठिकाणी वस्तीला असतो. एक घराच्या छपरावर, एक देवाच्या गाभाऱ्यात आणि एक जुन्या दप्तरात. छपरावरचे कौल पाऊस अडवते. गाभाऱ्यातला कौल म्हणजे देवाचे उत्तर. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, मनातली गोष्ट बोलायची आणि उजवी पडते की डावी, हे पाहत हात जोडून बसायचे. दप्तरातला कौल म्हणजे राजाने रयतेला दिलेला शब्द. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना हा तिसरा कौल समजावून देत आलो. या तीन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मात्र तेव्हा कधी मनात आले नाही. तो माझ्या भाचीने लावून दिला, आणि तोही कॅनडातून.

आधी तिसऱ्या कौलाबद्दल थोडे सांगतो. लढाया, दुष्काळ यांनी गाव उजाड झाले, जमिनी पडीक पडल्या, की सरकार बाहेरच्या कुणब्यांना बोलावून कौल देत असे. ‘या, वस्ती करा, जमीन कसा. पहिली वर्षे सारा नाममात्र घेऊ, मग दरसाल थोडा थोडा वाढवीत पुऱ्या धाऱ्यावर आणू’, असे त्या कागदात लिहिलेले असे. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. गावात दोन प्रकारचे लोक नांदत. मिरासदार हा पिढीजाद हक्काचा. त्याची जमीन सहसा कोणी काढून घेऊ शकत नसे. उपरी हा बाहेरून आलेला. मुदत संपली की त्याचा संबंध संपला. कौल घेऊन येणारा माणूस उपरी म्हणूनच येई. पुढे मिरासदार होण्याची आशा मनात धरूनच तो नांगर हाती घेत असला पाहिजे.

माझी भाची २०१७ साली कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात शिकायला गेली. विनिपेग या राजधानीच्या शहरी तिने दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. त्यानंतर तीन वर्षे काम करण्याचा परवाना मिळाला आणि पश्चिमेकडच्या ब्रँडन या गावी धान्याच्या एका व्यापारी कचेरीत हिशेबाची नोकरी लागली. तिकडे ब्रँडनला शहर म्हणतात, प्रांतातले दुसऱ्या क्रमांकाचे; पण वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. चहूकडे सपाट शेते आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरतो. वाईत कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या मुलीने तिथे काय म्हणून राहायचे, हा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा प्रश्न. त्याचे उत्तर भाचीने फोनवर दिले, तेव्हा मी कान टवकारून ऐकू लागलो. ती म्हणाली, “आई, इथं राहिले तर पीआर लवकर मिळतो. मोठ्या शहरात रांग फार.”

पीआर म्हणजे कायम रहिवासाचा हक्क. आपल्या भाषेत मिरास. कॅनडाने १९६७ साली, माणूस कोणत्या देशाचा हे न पाहता, वय, शिक्षण, भाषा, कसब यांना गुण देऊन परदेशी माणसे निवडण्याची रीत सुरू केली. त्यापूर्वी कोणाला घ्यायचे, हे बरेचसे कातडीच्या रंगावर ठरे. १९०८ साली असा नियम झाला होता, की मायदेशातून निघून वाटेत न थांबता येणारालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून असा थेट प्रवास करण्याची तर सोयच नव्हती. त्यामुळे १९१४ साली कोमागाता मारू जहाजातून आलेल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातूनच परत फिरावे लागले.

गुणांची पद्धत आली खरी, पण तिने निवडलेली माणसे टोरांटो, माँट्रियल, व्हँकुव्हर या तीन शहरांतच उतरत. मधल्या गवताळ प्रदेशातले प्रांत रिकामेच राहत. तेव्हा त्या प्रांतांनी केंद्राकडे मागणी केली, की आमची माणसे आम्हाला निवडू द्या. मॅनिटोबाने १९९८ पासून अशी निवड सुरू केली. आज क्वेबेक आणि नुनाव्हुट सोडून सगळीकडे ही प्रांतिक नॉमिनी योजना आहे. क्वेबेकची व्यवस्था १९९१ च्या करारान्वये वेगळी आहे. प्रांताने नाव सुचवायचे आणि केंद्राने तपासून मोहोर उठवायची, अशी ही दुहेरी रीत. २०१५ पासून केंद्राची जी गुणपत्रिका आहे, तिच्यातल्या १२०० गुणांपैकी ६०० एकट्या प्रांताच्या पसंतीला मिळतात. म्हणजे प्रांताने हात धरला, की निम्मी परीक्षा पार!

भाचीने अर्ज केला तेव्हा मॅनिटोबाची स्वतःचीही एक गुणपत्रिका होती. ती तिने मला वाचून दाखवली आणि मला हसू आवरेना. विनिपेगच्या बाहेर राहायची तयारी असेल तर ५० गुण जादा. उलट, दुसऱ्या प्रांतात पूर्वी नोकरी केली असेल तर १०० गुण वजा, शिक्षण घेतले असेल तर १०० वजा, आणि दुसऱ्या प्रांताकडे असाच अर्ज केला असेल तरी १०० वजा. आपल्याकडे स्थळ पाहताना जाणती माणसे हळूच विचारतात, ‘याआधी कुठं बोलणी झाली होती का?’ त्यातलाच हा प्रकार! प्रांताला भीती एकच, की मुलगी नांदेल ना?

पुढे तर लहान गावेही या बाजारात उतरली. २०१९ मध्ये अशी अकरा गावे निवडण्यात आली. ब्रँडन त्यांतलेच. गावातल्या धन्याने नोकरी द्यायची, गावाने शिफारस करायची आणि मग सरकारने हक्क द्यायचा. ती योजना २०२४ मध्ये बंद झाली आणि २०२५ मध्ये चौदा गावांची नवी आली. ब्रँडन त्यातही आहे. हे सारे ऐकताना मला दप्तरातले कौलनामे आठवत होते. गाव ओस पडते आहे, दवाखान्यात माणूस नाही, कचेरीत हिशेबनीस नाही. या, वस्ती करा!

त्या जमिनीला तर हे नवीन नाहीच. १८७२ च्या कायद्याने तिथे दहा डॉलर भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच, की तीन वर्षे तिच्यावर राहून ती कसायची. भाचीच्या कचेरीतला म्हातारा व्यवस्थापक अशाच एका वसाहतकऱ्याचा पणतू. मात्र ती जमीन पडीक कधीच नव्हती. १८७१ साली ब्रिटिश राणीच्या नावाने तिथल्या आदिवासींशी पहिले दोन करार झाले आणि मगच ती ‘रिकामी’ ठरली. कौल देणाराने आधी कोणाची मिरास मोडली, हे कौलनाम्यात लिहिण्याची पद्धत कुठल्याच देशात नाही.

भाचीला २०२१ मध्ये प्रांताची पसंती मिळाली आणि २०२२ मध्ये कायम रहिवासाचा कागद. आता यातली मौज पाहा. प्रांताकडून पसंती घेताना तुम्हाला सांगावे लागते, की इथेच राहण्याचा माझा मनापासून उद्देश आहे. पण कायम रहिवासाचा कागद हाती पडला, की १९८२ च्या हक्कांच्या सनदेचे सहावे कलम तुम्हाला सांगते, की कोणत्याही प्रांतात जा, राहा, पोट भरा. पाच वर्षांत ७३० दिवस देशात काढावे लागतात, पण ते कोणत्या गावी काढलेत, हे कोणी मोजीत नाही. म्हणजे आधी वचन घ्यायचे आणि मग ते मोडण्याची मुभा द्यायची. ऑस्ट्रेलियाने असा विश्वास टाकलेला नाही. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून ४९१ क्रमांकाचा जो व्हिसा आहे, तो पाच वर्षांचा आणि तात्पुरता. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही शहरे वर्ज्य. बाहेरच्या मुलखात तीन वर्षे काढल्यावरच कायमचा हक्क मागता येतो. एकाने मन विचारले, दुसऱ्याने हजेरी घेतली.

हजेरीचा मार्ग व्यवहाराचा आहे, हे मी नाकारीत नाही. तरी मला कॅनडाचाच बरा वाटतो. राहणे ही गोष्ट हजेरीपटावर मावत नाही. ब्रँडनला गेल्यावर पहिल्या गणपतीत भाचीने फोन करून आमच्या भटजींना विचारले, “संकल्पात नदी कोणती म्हणू?” संकल्पात माणसाला आपला ठावठिकाणा देवापुढे सांगावा लागतो. भटजी क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “गावाला नदी आहे ना? मग तिचंच नाव घे.” आणि त्या मुलीने अ‍ॅसिनिबॉइन नदीच्या दक्षिण तीरावर बसल्याचे गणपतीला सांगितले. कुठल्या कचेरीला हे कळले नाही आणि याचे गुणही तिला मिळाले नाहीत. पण ती त्या गावची झाली असेल तर त्या दिवशी झाली, असे मला वाटते.

पण कौलाची दुसरी बाजूही तिने मला दाखवली. तिच्या घरात एक केरळची मुलगी भाड्याने राही. तिचाही मार्ग तोच. २०२० साली शिक्षण सुरू, २०२२ मध्ये पदवी, मग तीन वर्षांचा परवाना, छोट्या गावात नोकरी. सगळ्या अटी तिने पाळल्या. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने पुढच्या वर्षाचा आराखडा जाहीर केला. प्रांतांच्या पसंतीने येणाऱ्यांचे लक्ष्य १,१०,००० होते, ते २०२५ साठी ५५,००० झाले. घरे महागली होती, लोकांची कुरकुर वाढली होती. सरकारने आपल्या परीने विचार केला असेल. कोणी कोणता नियम मोडला नाही. निवडीच्या याद्या मात्र आखडल्या, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्या मुलीच्या परवान्याची मुदत संपली. जाताना तिने बर्फ ओढायचे फावडे भाचीच्या दारात ठेवले, तेवढेच मागे राहिले.

हे ऐकले आणि माझे तीन कौल एकमेकांत मिसळले. जुन्या कौलनाम्यात वचन देणारा राजा असे. आता वचन मागितले जाते ते येणाराकडून. मी इथेच राहीन, हे त्याने सांगायचे; ‘आम्ही तुला ठेवून घेऊ’ असे मात्र त्याला कोणी सांगत नाही. तो गुण जमवतो, यादी कधी निघते ते पाहत बसतो, आणि गुणांची रेषा त्याच्या वर पडते की खाली, यावर त्याचे घर ठरते. नाव दप्तरातल्या कौलाचे आणि रीत गाभाऱ्यातल्या कौलाची! देवाला मुदतीची अट घालता येत नाही, हे समजते. पण सरकार देव नव्हे. जो माणूस तरुणपणाची पाच वर्षे आणि आईबापांचे पैसे घेऊन तुमच्या पडीक गावी आला, त्याला आल्या दिवशी एवढे तरी सांगावे, की या अटी पाळशील तर त्या अधेमध्ये बदलणार नाहीत. आमच्याकडेही कौल मोडले गेले. परंतु मोडले तर लोक ‘कौल मोडला’ असे म्हणू शकत. मोडायला आधी दिलेला असावा लागतो.

त्याच वर्षी भाचीला टोरांटोहून जास्त पगाराची नोकरी चालून आली. तिने विचारले, “मामा, जाऊ का?” कायद्याने तिला मोकळीक होती. तिची आई म्हणाली, “तिथं राहीन म्हणून लिहून दिलं होतंस ना?” मी काही बोललो नाही. वचन एकाच बाजूने दिलेले असेल तर ते किती बांधते, याचा हिशेब मला लागत नव्हता.

आठवड्याने तिचा फोन आला. कचेरीतल्या म्हाताऱ्याला तिने सारे सांगितले होते. तो रागावला नाही. म्हणाला, “माझ्या पणजोबांचाही तीन वर्षं पुरी करून निघायचा बेत होता. दरवर्षी म्हणायचे, एवढं पीक काढू आणि जाऊ.” भाची म्हणाली, “मामा, मीही एवढा हिवाळा काढते. पुढचं पुढं बघू.”

मला हे उत्तर आवडले. कायमचे राहण्याचा उद्देश कागदावर लिहिता येतो. प्रत्यक्षात माणूस एका हिवाळ्यापुरताच राहत असतो आणि मग पुढच्या. पुष्कळशी मिरास अशीच झाली असेल.

बहीण मध्यंतरी तिच्याकडे जाऊन आली. तिकडे आईबापांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येईल असाही व्हिसा मिळतो. भाचीने तो काढून दिला होता आणि आग्रहही केला होता. पण मे महिना लागताच बहीण परत आली. मी म्हटले, “राहायचंस की आणखी.” ती म्हणाली, “दादा, पावसाआधी घर शाकारायला नको का? मागल्या पडवीची कौलं फुटलीत.”