लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र



परवा उत्तम त्यागाच्या दिवशी मंदिरातून येताना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई आठवल्या. भाऊराव आपल्या कुंभोजचे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या पोरांना पोटाशी धरलं. धान्य संपेल तसे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिलं, नवरा हयात असताना! आपल्याकडे बायका असं बोलतसुद्धा नाहीत. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांनी बोर्डिंग पुढे चालूच ठेवलं.

आमचे हे रयतच्याच बोर्डिंगात राहून शिकले. ताटात शीत उरू द्यायचे नाहीत. मुलं हसायची, मीही कधी कधी चिडायची.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. माझं मंगळसूत्र लॉकरमध्ये आहे. बी.कॉम.ची सवय, वजन आणि भाव मनात लगेच मांडला जातो; एखाद्या पोराच्या जेवणाचा खर्च सहज निघेल. यांनाही ते आवडलं असतं. म्हणून काल बँकेत गेले, डबी उघडली. काळे मणी थोडा वेळ हातात धरले आणि पुन्हा डबीत ठेवून घरी आले.