गुणपत्रिकेतले तीन आणि पुढचे दीडशे



परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या मुलांना इथे आल्याबरोबर दवाखाना थाटता येत नाही, हे आता आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. त्यांना एफएमजीई ही परीक्षा पास व्हावं लागतं. २००२ पासून ती सुरू आहे आणि वर्षातून दोनदा होते. प्रश्न ३००, प्रत्येकाला एक गुण, पास व्हायला १५०. त्यानंतर इंटर्नशिप आणि मगच मेडिकल कौन्सिलची कायमची नोंदणी. बसलेल्यांपैकी निम्मीही मुलं पास होत नाहीत, असे निकाल वारंवार लागतात.

माझी भाची किरगिझस्तानात शिकली. तिथे गुण पाचपैकी देतात. पाच म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगला, तीन म्हणजे समाधानकारक. हिच्या गुणपत्रिकेत पानभर तीनच तीन. इथे आल्यावर पहिल्या वेळी ११९ मिळाले. धाकट्या बहिणीचा फोन आला, "अक्का, हिचं ज्ञानावरणीय कर्मच आड येतंय बघ. शेतावर कर्ज काढलंय आम्ही. आता स्थळं बघायला लागावं का?"

मी म्हटलं, "तिला सांगलीला माझ्याकडे पाठव. स्थळं कुठं पळून जात नाहीत."

आपण हा कर्माचा शब्द फार सहज वापरतो. पण आवरण म्हणजे झाकण. दिव्यावर झाकण पडलं म्हणून दिवा विझला असं होत नाही. शास्त्राने त्याच कर्माचा क्षयोपशमही सांगितला आहे आणि स्वाध्यायाला तपात बसवलं आहे. मी तिला एवढंच सांगितलं, "बाळ, आधी झाकण कुठं कुठं आहे ते बघू."

मला वैद्यकीतलं काही कळत नाही, पण बी.कॉम. झाल्यामुळे हिशोब कळतो. कोणत्या विषयाला किती गुण, ते तिच्याकडून लिहून घेतलं. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग आणि प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन ३०. चार विषयांत १२५ झाले. ॲनाटॉमीला १७. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत कच्ची होती म्हणून ही बाई तीन महिने तेवढीच घेऊन बसली होती! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही वहीत पहिल्या पानावर लिहिलं. जुन्या गुणपत्रिकेतला एकही तीन या परीक्षेत मोजला जात नाही. हे खातं शून्यापासून सुरू होतं.

मग चुकांची खतावणी घातली. रोज पन्नास प्रश्न सोडवायचे. चुकलेला प्रश्न तीनपैकी एका रकान्यात जायचा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न घाईने वाचला. महिनाअखेर बेरीज केली तर मधला रकाना सगळ्यात लांब. ती बघतच राहिली. "मावशी, म्हणजे मला येतंय की गं!"

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. ते धर्माच्या अभ्यासासाठी आहेत हे खरं, पण शिकण्याची रीत म्हणून मला ते इथेही उपयोगी वाटले. ही सहा वर्षं फक्त वाचत आली होती. वर्गात विचारायची लाज, कारण इंग्रजी कच्चं. मनात घोळवायला आणि पुन्हा म्हणायला वेळ नाही, आणि समजावून सांगायला कोणी नाही.

ते शेवटचं काम मी घेतलं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. मी उद्याचे मटार सोलत बसायची आणि ती मला दिवसाचा विषय साध्या मराठीत सांगायची. लसीकरणाच्या दिवशी नातवाचं कार्ड काढलं. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, मग सहा, दहा, चौदा आठवडे. मी विचारलं, "सहाच्या आधी का नाही?" तिला सांगता येईना. रात्री शोधून सकाळी सांगितलं. पृच्छना झाली!

दुसऱ्या वेळी १४७ आले.

तीन गुणांचं दुःख काय असतं ते त्या आठवड्यात पाहिलं. नात्यातल्या एकीने तर बायोडाटाच आणला, नावापुढे 'डॉ.' लावून. "परीक्षेचं कोण विचारतंय? मुलगी शिकलेली आहे, एवढं बास." भाचीने पेन घेतलं आणि 'डॉ.' खोडलं. "नोंदणी झाल्यावर लिहू, काकू." तिचा आवाज तेवढा ठाम मी आधी ऐकला नव्हता. बहीण रडली, पण तिने तो बायोडाटा कुठे पाठवला नाही.

पुन्हा खतावणी उघडली. घाईचा रकाना आटला होता, मधला अजून होता. म्हणजे आम्नाय कमी पडत होता. नवीन पुस्तक घ्यायचं नाही असं ठरलं. तीच वही, तेच प्रश्न, दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने. सहा महिने.

तिसऱ्या वेळी १६२. सध्या ती इंटर्नशिप करते आहे. शेतावरचं कर्ज अजून फिटायचं आहे.

तुमच्या घरी असं मूल असेल तर वर्गातले गुण त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा काढू नका. निकालाच्या दिवशी नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. आणि रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसून म्हणा, "मला समजावून सांग." आपल्याला कळलं नाही तरी चालतं. त्याला सांगता आलं पाहिजे.