खुरपं

होळीच्या आदल्या दिवशी मी खुरपं काढते. एरवी ते गच्चीच्या दाराआड गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं. बाभळीची मूठ, मानेशी वाकलेलं पातं. पातं मूळचं वीतभर होतं, झिजून झिजून आता चार बोटं उरलंय. मूठ दोनदा बदलली. वर्षभर कुंड्यांना माझी बोटं पुरतात. खुरपं निघतं ते उन्हाळ्याच्या तयारीला.

ते आजीचं. सोलापुरात आमच्या घरामागच्या परसात तुळस, दोन मोगरे, एक लिंबू, कढीपत्ता आणि कुंपणाला शेवगा होता. माती काळी, रेगडी. पावसाळ्यात चपलेला लगद्यानं चिकटणारी आणि माघ सरता सरता भेगाळणारी. भेगेत गेलेली गोटी परत मिळायची नाही. गोटी शोधायला हात घातला की तो कोपरापर्यंत आत जायचा, आणि तळाशी बोटांना गार लागायचं. मला त्याची गंमत वाटायची. आजीच्या मात्र जिवाला लागायचं. "ती ओल वाऱ्यावर चाललीय बघ पोरी," म्हणायची, "झाकाय पायजे."

फाल्गुनात ती लिंबाच्या आळ्याला एकदा पोटभर पाणी सोडायची आणि मग दोन दिवस कुणाला तिकडे फिरकू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी मूठभर माती उचलून लाडवासारखी दाबायची. टिचकी मारल्यावर लाडू फुटला तर वाफसा आला. बोटांना चिकटून राहिला तर अजून थांबायचं. वाफसा आला की पदर खोचून उकिडवी बसायची आणि खुरपं चालवायची. खोल नाही, दोन बोटं. वरची पापडी फुटायची, खालची ओली काळी माती क्षणभर चमकायची आणि बघता बघता राखाडी व्हायची. ढेकळं मुठीत चुरून ती भेगांमध्ये भरायची. झाल्यावर आळं पीठ चाळून ठेवल्यासारखं दिसायचं. त्यावर भुईमुगाची टरफलं, तुरीचं भुसकट, जे घरात असेल ते.

आमच्याकडचे शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. आजीनं तेच खुरप्यानं केलं. पुढे कॉलेजात केशाकर्षण शिकले तेव्हा तिचं परस डोळ्यांपुढे आलं. घट्ट मातीत सुईपेक्षाही बारीक नळ्या तयार होतात, त्यांतून खालची ओल वर चढते आणि उन्हात उडून जाते. वरचा थर मोडला की त्या नळ्या तुटतात. भेग तर ओलीला उघडं दारच. सोलापुरात १९३३पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालतं, आणि ते तिथेच का सुरू व्हावं हे ज्यानं वैशाखातली तिथली जमीन पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलोच्या लालसर भाकरी, हे सगळं आठवतं. पण सगळ्यात स्पष्ट आठवते ती परसातली एक संध्याकाळ. आजी एकेका झाडापाशी थोडा थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, लिंबू ठेवायचं, तुळस ठेवायची, कढीपत्ता ठेवायचा, मोगरा एकच. शेवग्याचं त्यानं त्याचं बघावं. दुसऱ्या मोगऱ्याला त्या दिवसापासून पाणी बंद झालं. मी रडले. तिनं समजूत घातली नाही, माझ्या हातात खुरपं दिलं आणि ठेवलेल्या मोगऱ्याचं आळं करायला बसवलं. महादेवाच्या पिंडीवर असते तशी गळती तिनं तुळशीवर टांगली, मडक्याच्या बुडाला भोक आणि त्यात कापडाची वात. दिवसाला एक तांब्या. बाकीच्यांना भाजी-तांदूळ धुतलेलं आणि आंघोळीचं पाणी, तेही सूर्य मावळल्यावर. लिंबू जगलं. पाणी कुणाला द्यायचं हे उन्हाळ्याआधी ठरवायचं असतं, उन्हाळ्यात नाही, हे मी त्या वर्षी शिकले.

लग्नानंतर रत्नागिरीला गेले तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली मीच खुरपं ठेवलं होतं. सोलापूरच्या चार-पाच पट पाऊस पडणाऱ्या गावात उन्हाळ्याची कसली तयारी, असं मनात होतं. शिमग्यानंतर विहिरीचा दोर लांबत चालला तेव्हा कळलं. जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही. पडलं ते खाली निघून जातं. मी सवयीनं अंगणातल्या अबोलीची माती खुरपायला बसले, तर गडग्यापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, उकरताय कशाला? ही तुमच्या घाटावरची माती नव्हे. पातेरा घाला, पातेरा."

पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं. काकूंकडे आंबा-फणसाचा पातेरा गोळा करून माडाच्या आळ्यात वीतभर जाडीनं पसरत. त्याच्या आत, बुंध्यापासून थोडं अंतर सोडून, नारळाची सोडणं पालथी मांडत. एकदा भिजलेलं सोडण दिवसचे दिवस ओल धरतं. मे महिन्यात एका दुपारी काकूंनी पातेरा बाजूला सारून मला खालची माती दाखवली. वर पानं कुरकुरत होती आणि खाली पांढरी मुळं वर येऊन पसरली होती, त्यांच्यामधून गांडुळं चालली होती. मी तिथे खुरपं लावलं असतं तर ती सगळी मुळं तुटली असती. आजी मातीनंच माती झाकायची, काकू पानांनी झाकत. दोघींचं म्हणणं एकच होतं, उन्हाला माती उघडी दिसू द्यायची नाही. कोकणातली बारा वर्षं खुरपं गवत काढण्यापुरतंच राहिलं.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची मिळाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेनं आणलेली अकरा रोपं घालवली. चुका साध्याच होत्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीशी मांडल्या होत्या. दुपारभर भिंत तापायची आणि रात्रभर ती ऊब कुंड्यांना द्यायची. दुपारी पानं माना टाकायची म्हणून मी दुपारीच पाणी घालायचे, टाकीतलं, हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. सगळ्यात वाईट म्हणजे मार्चअखेर मोगऱ्याच्या कुंडीत मी परसात चालवायचे तसंच खुरपं चालवलं. जमिनीत मुळांना खाली पळायला जागा असते, कुंडीत नसते. पात्याला बारीक पांढरे धागे लटकून आले. चार दिवसांत मोगरा वाळला. तो सोलापूरच्या मोगऱ्याची फांदी लावून वाढवलेला होता.

त्यानंतर मी नव्यानं शिकले. आता मोगऱ्याचं पाणी पौषात तोडते, माघात छाटणी करून शेणखत देते, म्हणजे ऊन तापायच्या आत त्याला नवी फूट येते. फाल्गुनात कुंड्या भिंतीपासून सोडवून, विटांवर, एकमेकींना चिकटून मांडते. मोठी झाडं पश्चिमेला, त्यांच्या सावलीत लहान. वर हिरवी जाळी. गुलाबाला या दिवसांत कात्री लावत नाही आणि कुणालाच तेज खत देत नाही. पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. खुरपं फक्त वरची पापडी फोडायला, पाऊण बोट, तेही कडेकडेनं. आणि त्यावर वाळकी पानं. पानांचं महत्त्व काकूंनी शिकवलं होतं, पण गच्चीवरही पानांपासूनच माती होऊ शकते हे मला कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवारामुळे पटलं. आज माझ्या निम्म्या कुंड्यांत विकतची माती नाही.

२०१६चा उन्हाळा आला तेव्हा पुण्यात दिवसाआड पाणी होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. ती बातमी पाहिली त्या संध्याकाळी झाडांना पाणी घालायला माझा हात धजेना. माणसांना प्यायला पाणी रेल्वेनं न्यावं लागतंय आणि आपण मोगरा भिजवतोय, हे मनाला टोचत राहिलं. मग आजीसारखी गच्चीत एकेका कुंडीपाशी उभी राहिले. चौतीस कुंड्यांपैकी बारा ठेवल्या. बाकीची रोपं ज्यांच्याकडे बोअर होती त्यांना दिली, आणि रिकाम्या कुंड्यांतली माती ठेवलेल्या बारांवर चढवली. नळाचं स्वच्छ पाणी एकालाही दिलं नाही. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं, फरशी पुसायच्या आधीचं साधं, जे निघेल ते. वर चार बोटं पाचोळा. पाचोळा सारून बोट खुपसलं की तिसऱ्या दिवशीही गार लागायचं. तसंच, सोलापूरच्या भेगेच्या तळाशी लागायचं तसं. बाराच्या बारा कुंड्या जून बघायला उरल्या.

त्या वर्षापासून मी बारांच्या वर गेले नाही.

आता फाल्गुन लागला की माझं निम्मं काम रस्त्यावर असतं. कडुनिंब, पिंपळ, पर्जन्यवृक्ष पानं टाकतात. ती झाडून ढीग होतात आणि पहाटे कुणीतरी काडी लावतं. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, तरी धूर दिसतोच. मी झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवते. त्या दोन पोती बाजूला काढतात. पोत्यातली पानं हातानं चुरायची, प्लास्टिक वेचायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि खुरप्यानं मोकळ्या केलेल्या मातीवर पसरायची, देठापासून दोन बोटं जागा सोडून. बारा कुंड्यांना अर्धा दिवस लागतो.

तुमच्या गल्लीतही हे ढीग लागत असतील. या वर्षी त्यातलं एक पोतं पेटायच्या आत घरी आणा. खुरपं नसलं तर जुना उलथनाही चालतो.